वेष चार, पुरुष एकच
प्रश्न : इंग्लिश लेखिका एलायझा हेवूडच्या ‘फँटोमिना’ या कथेची (१७२५) नायिका एकाच पुरुषासाठी चार सोंगं घेते. हा वेडेपणाच ना?

उत्तर : मुळीच नाही. पहिल्या वेषात, म्हणजे ‘फँटोमिना’ हे नाव घेतलेलं असताना, ती नको म्हणत असूनही तो बळजबरी करतो. ते विसरून ही कथा वाचूच नये. पण पुढे सूत्रं तिच्या हाती येतात. इंग्लंडमधल्या बाथ शहरात मोलकरीण, परतीच्या वाटेवर विधवा, शेवटी मुखवट्याआडची अनामिका. त्याची दोन पत्रं येतात : विधवेला आर्जवं, फँटोमिनाला सबबी. वाचणारी एकच! आपण त्याला पुरून उरलो, याचा तिला केवढा आनंद होतो! मुखवटा तर तो विनवूनही ती उतरवत नाही. मूल झाल्यावर मात्र आई तिला फ्रान्सच्या मठात धाडते. तो मोकळाच. हे मला फार खुपतं.