मॉन्ट्रियलला येताय? आधी शाळेचं बघा

तुम्ही विचारलंय की कॅनडा तर इंग्रजी देश, मॉन्ट्रियलला नोकरी घेतली तरी मुलगी इंग्रजी शाळेतच जाईल ना. व्हिसा, पॉइंट्स वगैरे सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत नाही. पण तुमचा प्रश्न वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितेय.

नाही जाणार. मॉन्ट्रियल क्वेबेक प्रांतात येतं, इथे पीआर (कायम राहण्याचा परवाना) घेऊन आलात तर सरकारी शाळा फ्रेंचच. प्रांताचा १९७७ चा कायदा आहे, बिल १०१ म्हणतात. आईबापांपैकी कुणाचं प्राथमिक शिक्षण कॅनडात इंग्रजीतून झालं असेल तर सूट मिळते. आमचं दोघांचं पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्याला इथे कोण विचारतो.

लेक पुण्यात गणितात पहिली यायची. इथे नवीन मुलांच्या वर्गात बसवली आणि भाषा येत नाही म्हणून बेरजा-वजाबाक्या करायला दिल्या. मी भेटायला गेले तर बाई गोड हसत फ्रेंचच बोलत राहिल्या, शेवटी माझी तक्रार त्यांना लेकीनेच मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितली, स्वतःबद्दलचीच, आणि मधलं काय काय गाळलं ते तिलाच माहीत. अजून जात नाही हो डोक्यातून. शाळेच्या दाखल्याचं पुण्याहून नोटरी करून आणलेलं भाषांतरही परत, इथल्याच मान्यताप्राप्त ट्रान्सलेटरचं हवं म्हणे.

मग रागारागात हे असं का ते वाचत बसले. फ्रेंच आधी आले, क्वेबेक शहर १६०८ चं, मॉन्ट्रियल १६४२ चं. १७५९ ला इंग्रजांनी क्वेबेकच्या वेशीवर लढाई जिंकली, १७६३ च्या तहात मुलूख त्यांचा झाला, पण माणसं तिथेच राहिली ना. आणि खाली अमेरिकन वसाहती धुमसत होत्या, म्हणून १७७४ ला इंग्रजांनी ह्यांचा कॅथलिक धर्म आणि दिवाणी कायदा राहू दिला. १८६७ ला देश झाला तेव्हा पार्लमेंटमध्ये दोन्ही भाषा आल्या, क्वेबेकबाहेर मात्र मॅनिटोबा प्रांताने १८९० ला फ्रेंच काढून टाकली, ऑन्टारियोने १९१२ ला शाळांमधून आवळली. खुद्द मॉन्ट्रियलमध्ये वस्ती बहुतेक फ्रेंच, पण बड्या नोकऱ्या आणि मालक इंग्रजी, आणि इटलीबिटलीहून आलेले लोक पोरांना इंग्रजी शाळेतच घालायचे, अगदी माझ्यासारखे! १९६९ ला पंतप्रधान पिअर त्रुदोंच्या सरकारने केंद्रात दोन्ही भाषा सरकारी केल्या, क्वेबेकला ते पुरलं नाही, म्हणून हे १०१. दोन्ही भाषा अधिकृत असलेला प्रांत आजही एकच, न्यू ब्रन्सविक. तेव्हा सगळ्यांना दोन्ही येतात असं समजून येऊ नका.

हे वाचून राग निम्मा गेला आणि त्रास दुप्पट झाला. त्यांची पोरं इंग्रजीकडे चाललेली दिसली तर त्यांनी कायदा केला, आम्ही पुण्यात हौसेने डोनेशन भरलं होतं. लेक आता मैत्रिणींशी फ्रेंच बोलते, आमच्याशी इंग्रजी, आजीशी फोनवर ‘हो’ आणि ‘जेवले’. कुणावर चिडू?

एकटेपणाचं विचारलंत. असतो, हिवाळ्यात जास्त. गणपतीला चार घरं जमतात, निघतं.

ओटावाला नोकरी मिळत असेल तर तेही बघा, शहर ऑन्टारियोत आहे, इंग्रजी शाळा मिळेल, फक्त स्वस्त घर बघून नदीपलीकडे गातिनोला जाऊ नका, तिथे क्वेबेकचा कायदा लागतो. मुलगी सहा-सातची असेल तर बिनधास्त मॉन्ट्रियलला या, पटकन बोलायला लागेल. तेरा-चौदाची असेल तर मी नको म्हणेन, आमचे हे म्हणतील या. तिचं वय तुम्ही लिहिलंच नाहीये.