आई कमी शिकलेली असेल तर?

प्रश्न : मी सातवीपर्यंत शिकले. मुलगी दीड वर्षाची आहे. तिला शब्द कमी येतील का?

उत्तर : जास्त शिकलेल्या आया सरासरीने मुलांशी जास्त बोलतात, फरक बराचसा त्यातून पडतो. तेवढं बोलणं तुम्हालाही जमेल. मुलांच्या भाषेच्या संशोधक मेरिडिथ रो यांच्या 2012च्या अभ्यासात शिकागोतली 50 कुटुंबं होती. मुलांच्या वयाच्या दुसऱ्या वर्षी बोलण्याचं प्रमाण, तिसऱ्या वर्षी शब्दांची विविधता आणि चौथ्या वर्षी समोर नसलेल्या गोष्टींच्या गप्पा महत्त्वाच्या ठरल्या. म्हणून आत्ता भरपूर बोला, अगदी घरच्या बोलीत. भाजी निवडताना तिने मेथीकडे बोट दाखवलं, की "देठ, मेथीचा देठ" म्हणा आणि तिच्या उत्तरासाठी पाच सेकंद थांबा. हे थांबणंच बहुतेकांचं राहून जातं. "हे काय, ते काय" अशी परीक्षा नको. दोन वर्षांची झाल्यावरही ती दोन शब्द जोडत नसेल, तर आधी कान तपासून घ्या.