किलिमांजारोसाठी कर्ज काढावे का?

प्रश्न थोडक्यात असा. वय 45, नोकरी, हातात येणारा पगार महिना 1,20,000. घराचा हप्ता 34,000, घरखर्च 45,000, मुलाची शाळा आणि विम्याचे हप्ते मिळून 11,000, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) 18,000. बँकेत साडेचार लाखांची मुदत ठेव. म्युच्युअल फंडात नऊ लाख, ते मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी तीन वर्षांनी लागणार. एप्रिलमध्ये साधारण 1,40,000 बोनस हातात येतो. रक्तदाबाची रोजची गोळी चालू. क्रेडिट कार्डावर प्रवास विमा मिळतो. चार मित्र सात महिन्यांनी, येत्या फेब्रुवारीत, टांझानियातल्या किलिमांजारो पर्वतावर जाणार आहेत. तिथल्या एका कंपनीने दोन दर दिलेत: मरांगू वाटेने पाच दिवस, 1,350 डॉलर, मचामे वाटेने सात दिवस, 2,150 डॉलर. स्वस्तातली वाट घेतली तर विमानासकट दोन लाखांत भागेल, आणि तेवढे वैयक्तिक कर्ज साडेतेरा टक्क्यांनी दोन वर्षांसाठी मिळते आहे. हप्ता साडेनऊ हजार, महिन्याची शिल्लक बारा हजार, म्हणजे झेपते. घ्यावे का, की त्यापेक्षा ठेव मोडावी?

उत्तर: कर्ज नको, ठेवीला हात नको, आणि पाच दिवसांची मरांगू तर अजिबात नको. जा जरूर. पण त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत, सात दिवसांच्या वाटेने, साठवलेल्या पैशांवर.

आधी दोन लाखांचा आकडा तपासू, कारण सगळा निर्णय त्यावर उभा आहे. त्यात तुम्ही पॅकेज आणि विमान एवढेच धरले आहे. हिशोबासाठी डॉलर 90 रुपये धरतो. पैसे भरायच्या दिवशी तेव्हाचा दर लावून आकडे पुन्हा मांडा. सात दिवसांचे पॅकेज 1,93,500. किलिमांजारो विमानतळापर्यंत जाऊन-येऊन तिकीट 70,000 धरा. टांझानियाचा व्हिसा 50 डॉलर, म्हणजे 4,500. गाईड, आचारी आणि पोर्टर यांची टिप माणशी साधारण 250 डॉलर, म्हणजे 22,500. ती पॅकेजमध्ये नसते आणि ऐच्छिक म्हणवली तरी तिथल्या कमाईचा ठरलेला भाग आहे. विमा 6,000. वैद्यकीय तपासणी, लस आणि औषधे 6,000. बूट, कपडे आणि भाड्याचे सामान 28,000. चढाईआधी आणि नंतरची जादा रात्र, जेवण, टॅक्सी मिळून 10,800. बँकेचे शुल्क आणि डॉलर खरेदीतला फरक 3,000. शिवाय 300 डॉलरची राखीव रक्कम, 27,000. बेरीज 3,71,300.

एवढ्या रकमेचे कर्ज त्याच दराने काढले तर हप्ता साडेसतरा हजारांच्या वर जातो. तुमची शिल्लक बारा हजार. उरलेले साडेपाच हजार एसआयपीतून जातील, म्हणजे मुलाच्या शिक्षणातून. दोन वर्षांचे व्याज सुमारे 54,000, प्रक्रिया शुल्क वेगळे.

आता तुम्ही म्हणाल, म्हणूनच स्वस्त वाट निवडली. तिथेच खरी गोम आहे, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

किलिमांजारोवर गाईडशिवाय चढायला 1991 पासून परवानगी नाही, त्यामुळे कंपनी घ्यावीच लागते. कंपनीच्या दरातला मोठा वाटा राष्ट्रीय उद्यानाच्या शुल्काचा असतो आणि त्यात कोणालाच सूट देता येत नाही. परदेशी पाहुण्याला दिवसाला 70 डॉलर प्रवेश, तंबूच्या रात्रीला 50 किंवा हटच्या (वाटेवरच्या झोपडीवजा निवाऱ्याच्या) रात्रीला 60, बचाव शुल्क एकदाच 20, आणि या सगळ्यावर 18 टक्के व्हॅट. (बुकिंगआधी कंपनीकडून चालू दरपत्रक मागवा.) पाच दिवस, चार रात्रींची मरांगू: 350 अधिक 240 अधिक 20, व्हॅटसह सुमारे 720 डॉलर. सात दिवस, सहा रात्रींची मचामे: 490 अधिक 300 अधिक 20, व्हॅटसह सुमारे 956. म्हणजे दोन जादा दिवसांचे उद्यानाचे शुल्क जेमतेम 236 डॉलर, 21,000 रुपयांच्या आसपास. वर काढलेल्या व्याजाच्या निम्मेही नाही.

1,350 मधून 720 गेले की कंपनीकडे उरतात 630 डॉलर. त्यात गाडी, जेवण, हॉटेल, तंबू-भांडी, गाईडचा पगार, माणशी तीन-चार पोर्टरांची मजुरी आणि कंपनीचा नफा. दिवसाला 126 डॉलर. मचामेच्या दरात हाच आकडा दिवसाला 170 पडतो. पैसा कमी पडला की कात्री आधी पोर्टरांच्या मजुरीला आणि त्यांच्या जेवणाला लागते, मग गाईडांच्या संख्येला. पाच जणांच्या गटाला एकच गाईड असेल आणि शिखराच्या रात्री एकाला खाली न्यावे लागले, तर बाकी चौघांनाही उतरावे लागते. म्हणून दर विचारताना पोर्टरला रोजची मजुरी किती आणि शिखराच्या रात्री किती चढणाऱ्यांमागे एक गाईड, हे दोन प्रश्न लेखी विचारा. चांगली कंपनी याचे उत्तर आढेवेढे न घेता देते.

उंचीचे गणितही बघा. पाच दिवसांच्या मरांगूत पहिली रात्र मंदारा हटला, 2,700 मीटरवर. दुसरी होरोंबोला, 3,700. तिसरी कीबो हटला, 4,700, तीही अर्धीच, कारण मध्यरात्री उठून 5,895 मीटरच्या उहुरू शिखराकडे निघायचे असते. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज 500 मीटरहून जास्त वाढवू नये, हा सर्वमान्य ठोकताळा. इथे ती लागोपाठ दोन दिवस हजार-हजारने वाढते. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. डोकेदुखी, उलट्या, झोप न लागणे इथून सुरुवात होते आणि दुर्लक्ष केले तर फुप्फुसात पाणी साठण्यापर्यंत किंवा मेंदूला सूज येण्यापर्यंत जाते. तब्येत ठणठणीत असणे याविरुद्ध फारसे कामाला येत नाही, कारण प्रश्न ताकदीचा नसून वेळेचा आहे.

मचामेची पहिली उडीही मोठीच, दुसऱ्या रात्री शिरा छावणीत 3,800 मीटरच्या आसपास. पण नंतर वाट सावरते. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवर या खडकापर्यंत, 4,600 मीटरवर, चढवतात आणि झोपायला बरांको छावणीत साडेसहाशे मीटर खाली उतरवतात. चौथी रात्र करांगाला, साधारण 4,000 वर. मग बराफू, 4,650, आणि तिथून शिखर. तीन रात्री जवळपास एकाच उंचीवर मिळतात, जादा दिवसांचे पैसे त्यासाठीच द्यायचे. कंपनीने सहा दिवसांत मचामे करून देतो म्हटले, तर बहुधा करांगाची रात्र गाळलेली असते. ती गाळू देऊ नका.

मरांगूच करायची असेल तर होरोंबोला एक जादा रात्र घालून सहा दिवसांची करा. उद्यानाचे शुल्क 873 डॉलर होईल. मात्र माझे मत मचामेच्या बाजूने आहे.

कर्ज नको म्हणण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते मला व्याजापेक्षा महत्त्वाचे वाटते. या खर्चात तुम्ही शिखर विकत घेत नाही, प्रयत्न विकत घेता. बराफूवरून गाईडने परत फिरवले तर उद्यानाचे शुल्क परत मिळत नाही, कंपनीही सहसा काही देत नाही, उलट लवकर खाली आल्यामुळे पायथ्याच्या मोशी शहरात दोन रात्रींचे हॉटेल अंगावर पडते. गाईड सकाळ-संध्याकाळ बोटाला ऑक्सिमीटर लावतात, डोके दुखते का, जेवण गेले का, विचारतात. ज्याच्या डोक्यावर पुढचे 24 हप्ते आहेत, तो दुखत असूनही नाही म्हणतो. गाईडला चुकीचे उत्तर मिळाले की त्याचा निर्णयही चुकतो. म्हणून या सहलीला तोच पैसा लावा, जो शिखर न गाठताही गेला तरी चालेल.

ठेवीचे उत्तर सोपे आहे. हप्ता, घरखर्च, शाळा-विमा मिळून तुमचा टाळता न येणारा खर्च महिना 90,000. साडेचार लाख म्हणजे पाच महिने. नोकरदार माणसाला एवढी गंगाजळी हवीच, आणि उंचावर जाणाऱ्याला तर परत आल्यावर महिनाभर रजा लागली तरी पुरेल एवढी हवी. नऊ लाखांना तुम्ही हात लावायचा म्हटलेले नाही, तसेच राहू द्या.

मग पैसे कुठून? आजपासून पुढच्याच्या पुढच्या फेब्रुवारीपर्यंत 19 महिने आहेत. दरमहा 11,000 आवर्ती ठेवीत टाका: 2,09,000. एप्रिलचा बोनस पूर्ण तिकडे वळवा: 1,40,000. व्याज 18,000 च्या आसपास धरले तर 3,67,000. गरजेला चार हजार कमी पडतात, ते राखीव रकमेतून निघतील. एसआयपी तशीच चालू. शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात ही रक्कम ठेवू नका. दीड वर्षाच्या पैशाला पडझडीतून सावरायला वेळ नसतो. एक अट मात्र घालून घ्या: एप्रिलअखेर या खात्यात अडीच लाख जमलेले असतील तरच आगाऊ रक्कम भरायची. बोनस कमी आला किंवा घरात काही निघाले, तर बेत फेब्रुवारीवरून जून ते ऑक्टोबरच्या कोरड्या हंगामावर ढकला. मार्च ते मे मोठा पाऊस असतो, त्या काळातल्या सवलतीच्या दरांना भुलू नका.

रुपयाची घसरण हा यातला खरा धोका. तुमचा डॉलरमधला खर्च 2,870 आहे. डॉलर पाच रुपयांनी महागला तर 14,350 वाढतात. आगाऊ रक्कम भरली की तेवढा भाग ठरून जातो, उरलेले डॉलर दोन-तीन टप्प्यांत घ्या. बुकिंग भारतातल्या टूर कंपनीमार्फत केले तर जीएसटी लागेल आणि टीसीएसही (बिलासोबतच आगाऊ कापला जाणारा प्राप्तिकर) घेतला जाईल. टीसीएस हा खर्च नाही, विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. दोन्ही बिलावर वेगळे दाखवायला सांगा.

शिल्लक बारामधले उरलेले हजार दरमहा बाजूला ठेवले तर पुढच्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत, 17 महिन्यांत, 17,000 होतात. त्यातून तेव्हा उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक करून या. शिखराची उंची 3,800 मीटर, म्हणजे मचामेच्या दुसऱ्या रात्रीएवढी, झोपायचे मात्र त्याच्या खाली. तिथे तुमचे डोके, भूक आणि झोप कशी राहते ते कळेल, नवे बूटही रुळतील. पावणेचार लाखांतले बरेचसे घालण्याआधीची ही स्वस्त चाचणी आहे. बूट स्वतःचे घ्या, त्यात काटकसर नको. शिखराच्या रात्रीचे जाड पिसांचे जाकीट आणि उणे 15 अंशांची स्लीपिंग बॅग मोशीत भाड्याने मिळते. विकत घेऊन माळ्यावर टाकण्यात अर्थ नाही. भाड्याच्या बॅगेची चेन बंद-उघड करून बघा आणि जाकीट अंगात घालून बघा, हॉटेलवरच. पोर्टरकडे द्यायची तुमची बॅग 15 किलोच्या आत हवी, कारण त्याच्या पाठीवर 20 किलोहून जास्त भार चालत नाही आणि गेटवर वजन होते.

विम्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, क्रेडिट कार्डावर प्रवास विमा मिळतो म्हणून. तो पुरणार नाही. साध्या प्रवास विम्यात ट्रेकिंग बऱ्याचदा वगळलेले असते, किंवा तीन-चार हजार मीटरची मर्यादा असते. तुम्हाला पॉलिसीच्या शब्दांत 6,000 मीटरपर्यंतचे ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरने सुटका, दोन्ही लिहिलेले हवे. उद्यानाच्या 20 डॉलरच्या बचाव शुल्कात हेलिकॉप्टर येत नाही. तुम्ही रक्तदाबाची रोजची गोळी घेता. ती अर्जात लिहा, लपवली तर दावा फेटाळायला तेवढे कारण पुरते. पॉलिसी आगाऊ रक्कम भरायच्या दिवशीच काढा, म्हणजे आधीच रद्द करावे लागले तर तो भागही धरला जातो. आणि विमा कंपनीचा चोवीस तासांचा नंबर, पॉलिसी क्रमांकासह, मुख्य गाईडच्या फोनमध्ये पहिल्याच दिवशी जाऊ द्या. हेलिकॉप्टर मागवण्याआधी मंजुरी विचारली जाते आणि तेव्हा फोन तुम्ही करत नसता.

विमान केनिया किंवा इथिओपियावरून जाणारे असेल तर यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी अधिकृत केंद्रात घ्या आणि प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेवा. टांझानियात आणि परतल्यावर भारतात, दोन्हीकडे विचारले जाऊ शकते. गोळ्यांबद्दल, विशेषतः डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यावी की नाही आणि रक्तदाबाच्या औषधाशी तिचे जमते का, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

पैसे भरताना खाते कंपनीच्या नावाचे असावे, व्यक्तीच्या नव्हे. आगाऊ 20 ते 30 टक्क्यांपेक्षा जास्त मागत असतील तर दुसरी कंपनी बघा. किती दिवस आधी रद्द केले तर किती कापणार आणि तारीख बदलली तर काय, हे पावतीवर घ्या. टिप डॉलरमध्ये की तिथल्या शिलिंगमध्ये, आणि कोणाला किती, तेही आधीच विचारून ठेवा. डॉलर नेणार असाल तर 2009 नंतर छापलेल्या, न फाटलेल्या लहान नोटा न्या.

मित्रांना मात्र याच आठवड्यात सांगा. पाच जणांवर काढलेला दर चौघांवर थोडा वाढतो, आणि त्यांनी आगाऊ रक्कम भरल्यावर तुम्ही मागे फिरलात तर तो फरक त्यांच्या अंगावर पडेल. सांगताना उद्यान शुल्काचा वरचा हिशोब आणि मरांगूच्या तीन रात्रींच्या उंचीही त्यांच्यापुढे ठेवा, कारण फेब्रुवारीत जाणार असतील तर पाच दिवसांची वाट त्यांनीही बदलायला हवी.