फळमाशीच्या अळ्यांचं पहिलं मीडियम

मीडियमची, म्हणजे अळ्यांच्या खाद्याची, पहिली बॅच बुरशीने गेली म्हणून हिरमुसू नकोस. मुंबईच्या जुलैत सगळ्यांचीच जाते.

सुरुवातीला एकच साधी कृती धर आणि महिनाभर बदलू नकोस: 1 लिटर पाणी, 80 ग्रॅम मक्याचं पीठ, 60 ग्रॅम साखर, 15 ग्रॅम यीस्ट, 8 ग्रॅम अगार (मिश्रण घट्ट करणारी समुद्री शेवाळाची पावडर). पीठ म्हणजे गिरणीतलं पिवळं पीठ हं. वाण्याकडचं पांढरं कॉर्नफ्लॉवर नुसतं स्टार्च असतं. मीही एकदा तेच आणलं होतं. अळ्यांची प्रथिनं मुख्यतः यीस्टमधून येतात, तिथे काटकसर नको.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- बुरशी रोखणारं प्रोपिऑनिक ॲसिड उकळत्या मिश्रणात ओतणं. वाफेबरोबर उडून जातं, शिवाय नाकाला झोंबतं. साधारण 60 अंशांवर आल्यावर 4 मिली घाल, फ्यूम हूडखालीच (वाफा बाहेर ओढून घेणारं प्रयोगशाळेतलं कपाट).
- गरम व्हायलला (माशा वाढवायच्या छोट्या बाटलीला) लगेच बूच लावणं. वाफेचं पाणी साचतं, माशा चिकटून मरतात. मलमलीचं फडकं टाकून रात्रभर निवू दे.
- एका व्हायलमध्ये अंड्यांची गर्दी. मग अळ्या उपाशी आणि माशा बारक्या. आठ-दहा माद्या एक दिवस ठेव, मग काढून घे.

25 अंशांना अंड्यापासून माशीपर्यंत साधारण 10 दिवस लागतात. रात्री एसी बंद होत असेल तर तेवढ्यावर सगळं वेळापत्रक बिघडतं. आधी तेच बघ.

मिथाइल पॅराबेनचं (बुरशीविरुद्धचं आणखी एक रसायन) प्रमाण, होलिडिक आहार (प्रत्येक घटक शुद्ध रसायन म्हणून मोजून घातलेलं खाद्य) वगैरे नंतर बघू. आधी तीन बॅच सलग नीट निघू देत.