रॅमवर आळ घेण्याआधी

पावसाळा लागला की ‘रॅम गेली’ अशी पत्रं येऊ लागतात. या वेळी त्यातलीच पाच.

प्रश्न : जुना पीसी आहे, डीडीआर३ पिढीच्या ४ जीबीच्या दोन रॅम. गावाला गेल्यामुळे पंधरा दिवस बंद होता. आता बटण दाबलं की पंखे फिरतात, मॉनिटर मात्र काळाच आणि आतून थांबून थांबून लांब बीप. दुकानदार म्हणतो, दोन्ही रॅम गेल्या. नव्या घेऊ का? (वाचिका, कोथरूड)

उत्तर : इतक्यात नको. नुसतं बंद राहून दोन्ही रॅम एकदम जाणं अवघड. दमट हवेत रॅमच्या तळाच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि स्लॉटमधल्या पिनांवर मळ धरतो, संपर्क तुटतो. असा बीप म्हणजे बऱ्याच जुन्या बोर्डांची ‘रॅम सापडत नाही’ अशी तक्रार. सापडत नाही म्हणजे जळाली असं नव्हे.

मागचा स्विच बंद करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण १०-१५ सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावर उरलेली वीज उतरेल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून मगच रॅम हाताळा, तीही कडांना धरून. टोकांच्या खटक्या बाहेर दाबल्या की ती वर येते. काही बोर्डांवर खटकी एकाच बाजूला असते. दुसऱ्या टोकाशी झटापट करू नका.

पट्ट्यांवर राखाडी डाग किंवा बोटांचे ठसे दिसतील. शाळेतलं मऊ, पांढरं खोडरबर घ्या. शाई खोडायचं खरखरीत टोक चुकूनही नको. सोन्याचा मुलामा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. तो खरवडला की खालचं निकेल उघडं पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. चार-पाच हलके हात पुरेत, वरून कडेकडे. आडवे घासू नका. चुरा झटकून ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तापकीर गल्लीत मिळतं. स्लॉटमध्ये कोरडा मऊ ब्रश आणि ब्लोअर, बस. टाचणी घालून कोरत बसू नका.

बसवताना खाच जुळवा आणि दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकं सारखी दाबा. खटक्या आपोआप मिटल्या पाहिजेत. त्या बोटाने ढकलून मिटवाव्या लागल्या तर रॅम अर्धवट बसलेली असते, आणि अर्धवट बसलेल्या रॅमवर वीज सोडली तर पिना खरोखरच जळू शकतात. आधी एकच रॅम लावून सुरू करा, मग दुसरी, मग स्लॉट बदला. तरीही बीप आला तर वायर काढलेली असतानाच बायॉसचा (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमचा) नाण्यासारखा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. तोही उपाय हरला तर दुकानदाराला त्याच्याकडची चालू डीडीआर३ रॅम तुमच्याच बोर्डावर लावून दाखवायला सांगा. स्क्रीन आली तर पैसे द्या.

प्रश्न : डीटीपीचं काम करतो. डीडीआर४, ८ जीबीच्या दोन रॅम, ३२०० वेगाच्या. दिवसभर ठीक चालतं, पण मोठी झिप फाइल कधी उघडते, कधी ‘फाइल खराब’ म्हणते. आठवड्यातून दोनदा निळी स्क्रीन येते आणि दर वेळी नाव वेगळं. विंडोजची मेमरी तपासणी केली. दोष नाही म्हणाली. म्हणजे रॅम ठीक ना? (वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : मुळीच नाही. त्या तपासणीत दोष सापडला तर खरा मानावा. सापडला नाही म्हणून निर्दोष मानू नये. एखादा ड्रायव्हर बिघडला असेल तर निळ्या स्क्रीनचं नाव बहुतेक तेच ते असतं. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट’ आणि जोडीला तीच झिप एकदा उघडते, एकदा नाही, असं असलं की संशय रॅमकडेच वळतो. झिपमध्ये प्रत्येक फाइलचा ताळा ठेवलेला असतो; एक बिट जरी उलटला तरी तो चुकतो.

सगळ्यात आधी एक पथ्य : निकाल लागेपर्यंत या मशीनवर महत्त्वाची फाइल उघडून सेव्ह करू नका. बिघडलेल्या रॅममधून गेलेला मजकूर डिस्कवर चुकीचा उतरतो आणि कोणी ओरडत नाही. आत्ता घेतलेला बॅकअपही त्याच रॅममधून जातो, म्हणून जुन्या बॅकअपवर नवा चढवू नका, वेगळा ठेवा.

आता ‘मेमटेस्ट८६ प्लस’ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घ्या आणि मशीन त्यावरून सुरू करा. सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅमवरून मशीन सुरू होऊ न देणारी बायॉसमधली सोय) आडवं आलं तर तेवढ्यापुरतं बंद करा, पण डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. रात्री लावून झोपा. किमान चार फेऱ्या होऊ द्या. कॅबिनेटचं झाकण बंद ठेवा, कारण रोजचं काम त्याच गरमीत होतं. लाल ओळ एकसुद्धा चालणार नाही. ‘हजारातून एक चूक, चालायचंच’ हा हिशोब रॅमला लागू नाही.

चूक निघाली तर लगेच रॅम काढून फेकू नका. बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने पळवायची सेटिंग) बंद करून टेस्ट पुन्हा लावा. ३२०० हा वेग बहुतेक वेळा एक्सएमपीने, १.२ ऐवजी १.३५ व्होल्ट देऊन मिळवलेला असतो. ते बंद केलं की रॅम २१३३ किंवा २४०० च्या आसपास उतरते. तिथे रात्रभर स्वच्छ गेली तर त्या वेगावर चालवा, पानं लावण्यात फरक जाणवणारही नाही. तरी चुका आल्या तर एकेक रॅम वेगळी करा. तिच्यावर पेन्सिलीने १, २ लिहा, नाहीतर तिसऱ्या अदलाबदलीत गोंधळ नक्की. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये १ तपासा, मग तिथेच २. चूक १ च्या मागे जात असेल तर १ दोषी. दोघींनाही त्या स्लॉटमध्ये चूक येते आणि चौथ्या स्लॉटमध्ये येत नाही, तर रॅमला सोडा. स्लॉट, प्रोसेसरखालची वाकलेली पिन किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळलेले, यांकडे बघा. एकेकट्या पास आणि जोडीने नापास, तर त्यांचं एकमेकींशी जमत नाही. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या रॅमचं असं होतं, नाव आणि वेग तोच असला तरी.

प्रश्न : नवा डीडीआर५ पीसी जोडला. पहिल्यांदा सुरू केला तर तीन मिनिटं स्क्रीनच नाही, बोर्डावर रॅमचा दिवा लागलेला. घाबरून बंद केला. (विद्यार्थी, हडपसर)

उत्तर : बंद करायला नको होता. बोर्ड रॅमबरोबर वेळा जुळवत असतो. डीडीआर५ ला पहिल्या वेळी काही मिनिटं लागतात, रॅम जास्त असेल तर आणखी. दहा मिनिटं हात लावू नका. बायॉस रीसेट केलं की हे पुन्हा होतं. चार रॅम लावायचा मोह टाळा : एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरसाठी अधिकृत वेग दोन रॅमना ५२००, चार लावल्या की ३६००.

प्रश्न : जुन्या बाजारात १६ जीबी डीडीआर४ स्वस्तात मिळाली. स्लॉटमध्ये नीट बसते, स्क्रीन येत नाही. फसलो का? (वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर : लेबल वाचा. ‘पीसी४-२४००टी’नंतर डॅशपुढे ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. मधोमध एक वेगळी चिपही दिसेल. साध्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये ती बसते, चालत नाही. तुम्हाला ‘यू’ हवी. रॅम चांगली असू शकते, घर चुकलंय. परत करता आली तर बघा.

प्रश्न : वाड्यात राहतो. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. वर्षात दोन रॅम गेल्या. संबंध असेल? (वाचक, शनिवार पेठ)

उत्तर : झिणझिण्यांचं कारण सरळ आहे : अर्थिंग नाही. एसएमपीएसमधल्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) फिल्टरचे कपॅसिटर अर्थला जोडलेले असतात. अर्थच नसेल तर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास कॅबिनेटवर तरंगतात. करंट अगदी कमी असतो, म्हणून नुसती झिणझिणी. पण वायर न काढता आत हात घातला, किंवा चालू मशीनला दुसरं उपकरण जोडलं, तर तो झटका कुठल्याही चिपमधून जाऊ शकतो. रॅम त्यानेच गेल्या, असं मात्र छातीठोक म्हणता येत नाही, एसएमपीएसही तपासा. बायॉसमध्ये १२ व्होल्ट ११.४ ते १२.६ मध्ये आणि ३.३ व्होल्ट ३.१४ ते ३.४७ मध्ये दिसले पाहिजेत.

इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट मोजून घ्या : फेज-अर्थ २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. सॉकेटमध्येच न्यूट्रलला अर्थ जोडून ‘झालं काम’ म्हणणारा आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. न्यूट्रल तुटला की अख्ख्या कॅबिनेटवर २३० येतील. आणि त्या दोन रॅम टाकल्या नसतील तर स्टिकर न काढता बिलासकट वॉरंटीला द्या. जोडीचं पाकीट घेतलं असेल तर चालू असलेली जोडीदारीणही बहुधा सोबत मागतील.