प्रश्न वाटून घेऊ नका

प्रश्न : बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला बालआरोग्यासाठी समस्याधारित शिक्षण (आधी रुग्णाची केस, मग तिच्यातून प्रश्न काढून वाचन आणि चर्चा) सुरू झालं आहे. आमचा दहाजणींचा गट केस मिळताच प्रश्न वाटून घेतो आणि पुढच्या बैठकीत जी ती आपली स्लाइड वाचते. दोघी-तिघीच बोलतात. परीक्षेत स्वतःच्या वाटणीपलीकडचं काही आठवत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : वाटणीतच चुकतंय. ही पद्धत 1969 मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी सुरू झाली. तिच्या सात पायऱ्या नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाने रूढ केल्या : शब्द समजून घेणं, समस्या ठरवणं, माहीत असलेलं मांडणं, त्याची संगती लावणं, प्रश्न काढणं, वाचणं, परत येऊन पडताळणं. तुम्ही तिसरी-चौथी गाळताय, म्हणून प्रश्नही पुस्तकातल्या मथळ्यांसारखे निघतात.

समजा, केस अशी आहे : दीड वर्षाचं बाळ, वजन 10 किलो, दोन दिवस जुलाब, चिडचिड, डोळे खोल गेलेले, पाणी अधाशासारखं पितंय. ‘जुलाबाची कारणे’ लिहायला हे बाळ लागतच नाही. त्याऐवजी विचारा : पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडली तर हळू का परतते? चार तासांत ओआरएस किती? मध्येच उलटी झाली तर? कोणती लक्षणं दिसली की सलाइनची तयारी करायची?

मग हिशेब येतो : किलोमागे 75 मिली, म्हणजे चार तासांत 750 मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने. चार तासांनी बाळ पुन्हा तपासायचं. एक लिटरचं पाकीट एखादीने पेलाभर पाण्यात कालवायला सांगितलं, तर मीठ धोकादायक वाढतं. ही चूक बाकीच्यांनीही तेच वाचलं असेल तरच पकडली जाते.

म्हणून प्रश्न चार-पाचच ठेवा आणि सगळ्यांनी सगळे वाचा. पहिल्या बैठकीत वीस मिनिटं पुस्तक आणि मोबाइल बंद. दुसऱ्या बैठकीत स्लाइड नको. चिठ्ठी उचलून जिचं नाव निघेल तिने फळ्यावर समजावून सांगायचं. फळ्यावर लिहिणारी आणि चर्चा चालवणारी दर केसला बदला.

गप्प राहणाऱ्यांना बरेचदा इंग्रजी अडवतं. चर्चा मराठीत होऊ द्या, संज्ञा इंग्रजी राहिल्या तरी चालतील. ट्यूटरनाही विनंती करा : शांतता पसरली की लगेच व्याख्यान सुरू करू नका, ‘असं का होतं?’ एवढंच विचारून थांबा. गटाला उत्तर आयतं मिळायची सवय लागली, की पुढच्या केसला कुणी वाचून येत नाही.