पसंतीक्रम भरायच्या आधी एकदा रामटेकला जाऊन ये

बेटा,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. एमपीएससीचा इंटरव्ह्यू झाला, आता कोणतं पद पाहिजे याचा पसंतीक्रम भरायचा आहे, आणि अभ्यासिकेतले सगळे सांगून राहिले की डेप्युटी कलेक्टर वर टाक, डीवायएसपी, तहसीलदार त्याच्या मागे, आणि नगरपालिकेचा कारभार पाहणारा मुख्याधिकारी अगदी खाली टाक कारण नगरपालिका म्हणजे नाल्या, कचरा अन् नगरसेवकांची कटकट. तू विचारलं की काका तुम्ही इतकी वर्षं तेच केलं, तुम्ही काय म्हणता. फोनवर हे पूर्ण बोलून झालं नसतं म्हणून लिहून राहिलो, थोडं लांबेल, रिकाम्या वेळी वाच.

कोणतं पद मोठं कोणतं लहान यात मला पडायचंच नाही. मला एकच सांगायचं आहे की पसंतीक्रमात तू पद मागते, गाव मागत नाही, आणि गावाला तर कोणी काही विचारतच नाही. तिकडं अमेरिकेत सिटी मॅनेजर म्हणून पद असतं, व्हर्जिनिया राज्यातल्या स्टॉन्टन नावाच्या एका लहान जुन्या शहरानं १९०८ मधे असा पहिला माणूस नेमला, चार्ल्स अ‍ॅशबर्नर नावाचा इंजिनिअर होता. तेव्हापासून तिथल्या कितीतरी गावांत निवडून आलेली कौन्सिल स्वतः जाहिरात काढते, आलेल्या उमेदवाराला गावात बोलावते, लोकांशी भेटवते, मग ठरवते, आणि नाही जमलं तर तीच कौन्सिल घरीही पाठवते. आपल्याकडं एमपीएससी निवडते, नगरविकास विभाग पोस्टिंग देतो, आणि नवीन साहेब कोण हे गावाला जॉइनिंगच्या दिवशी कळतं. आपली पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही, उलट नगराध्यक्षाला तुला परस्पर काढता येत नाही म्हणूनच चुकीच्या बिलावर तू सही नाकारू शकते, आणि हे छोट्या गावात फार मोठं बळ असतं, मी ते वापरलेलं आहे. पण गावाला तुझा इंटरव्ह्यू घेता येत नाही ना, म्हणून गावाच्या बाजूनं तो तूच घ्यायचा. मी या गावाला पाहिजे आहे का, हे आधी जाऊन पाहायचं.

त्यासाठी रामटेकला जा. तुला तेच मिळेल असं नाही, पवनी मिळेल, भद्रावती मिळेल, कुठं तरी मराठवाड्यात टाकतील, पण जुनं गाव म्हणजे काय हे समजायला नागपूरच्या पोरीसाठी रामटेकसारखी जवळची जागा नाही. गणेशपेठेतून एसटी पकड, कामठी, कन्हान, मनसर करत जाते. आणि बाप्पा, सरळ गडावर चढू नको. गडमंदिर, कालिदास स्मारक हे तू शाळेच्या ट्रिपमधे पाहिलेलंच असेल. यावेळी खाली गावात फिर, जुन्या गल्ल्यांमधे, अंबाळा तलावाच्या घाटावर, आणि फक्त पाणी पाह्य. पाणी कुठून येऊन राहिलं, कुठं साचून राहिलं, कोणत्या घराचा उंबरठा रस्त्यापेक्षा खाली गेला. जुन्या गावाची पहिली फाईल तीच, बाकीच्या फाईली ऑफिसमधे मिळतात.

हे मी इतकं जोर देऊन काऊन सांगतो ते ऐक. माझी अगदी सुरुवातीची पोस्टिंग, गावाचं नाव लिहीत नाही. वेशीच्या आतली गल्ली, दोन्हीकडं जुनी मातीची अन् विटांची घरं, मधे उखडलेला रस्ता. निधी आला होता, मार्च जवळ होता, खर्च नाही केला तर पैसा परत जाईल म्हणून सगळ्यांची घाई आणि सगळ्यांत जास्त घाई माझी. जुना थर न खरवडता त्याच्यावरच सहा इंच काँक्रीट टाकलं आणि बाजूची दगडी नाली बुजवून रस्ता रुंद केला. लोकं खूश होती, मीही खूश होतो. जुलैत पहिला मोठा पाऊस आला आणि पाणी सरळ घरांत, कारण रस्ता वर गेला अन् उंबरठे खाली राहिले, आणि ज्या नालीनं ते पाणी इतकी वर्षं तलावाकडं जात होतं ती मी बंद केली होती. तीन दिवसांनी एका आजीच्या घराची भिंत बसली, रात्रीची वेळ, ती ओसरीत झोपली होती म्हणून वाचली. सकाळी मी तिथं उभा होतो तेव्हा आमची मुकादमबाई शांतपणे म्हणाली, "साहेब, ते नाली कुठं जाते हे आमाले इचारलं असतं तं सांगतलं असतं." रोज पहाटे ती त्याच गल्लीत झाडू मारायची, तिला सगळं माहीत होतं, आणि मी अंदाजपत्रक पाहिलं, मंजुरी पाहिली, तिला मात्र विचारलं नाही. नाली पुन्हा उघडली, आजीचं घर उभं करून दिलं, पण ती सकाळ माझ्या मनातून गेली नाही आणि जाऊही नये.

म्हणून तू जॉइन झाली की पहिल्या आठवड्यात नगर अभियंत्याच्या आधी मुकादम अन् सफाई कामगारांसोबत पहाटे फिर. ठेकेदाराकडच्या कामगारांना पगार किती तारखेला मिळतो, पीएफ भरला जातो का, हातमोजे अन् गमबूट खरंच मिळाले की फक्त स्टॉक रजिस्टरवर आहेत, हे तिथंच कळतं.

आता पैशाचं. रामटेकसारखी नगरपरिषद म्हणजे क वर्ग, ४० हजार आणि त्याखालची लोकसंख्या, रामटेकची २०११ मधे २२ हजारांच्या आसपास होती. तिथं नगरपालिका १८६७ पासून आहे, नागपूरच्या नंतर तीनच वर्षांनी. इतकी जुनी संस्था, पण अशा नगरपालिकांची स्वतःची कमाई म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी आणि गाळ्यांचं भाडं, बस. जकात १९९९ मधे गेली तेव्हापासून पगारासाठी सरकारच्या सहायक अनुदानाकडं पाहावं लागतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशाचाही मोठा हिस्सा पाणी अन् घनकचऱ्यासाठी बांधलेला होता, तो तू घाटाच्या पायऱ्यांना लावू शकत नव्हती. मग जुन्या गोष्टी सांभाळायला पैसा उरतो कुठून? घरपट्टीतून. दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची असते, आणि बऱ्याच गावांत ती पुढं ढकलतात कारण टॅक्स वाढला की बोंब होते. मी पाहिलं आहे, चौकातल्या तीन मजली दुकानाला जुन्या कौलारू घराचाच टॅक्स लागून असतो आणि मागच्या गल्लीतली विधवा बाई न चुकता भरत असते. ते रजिस्टर घेऊन स्वतः घरोघर फिर. त्यात हिंमत लागते, आणि त्या दुकानवाल्याचा फोन कुठून कुठून येतो हेही तुला समजेल, पण हे केलं नाही तर वारसा, पर्यटन वगैरे सगळं भाषणापुरतं राहते.

जुन्या गावाची अजून एक गोष्ट जी ट्रेनिंगमधे नीट सांगत नाहीत. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम बंद, त्याच्या पुढचे २०० मीटर नियंत्रित, तिथं एनओसी लागते. मूळ कायदा १९५८ चा, हे अंतर २०१० च्या दुरुस्तीनं कायद्यातच आलं. आता लोकांना काय दिसतं, तर नगरपालिका परवानगी देत नाही. एखादा माणूस मुलीच्या लग्नाआधी वर एक खोली काढायला निघतो, रेती विटा आणून टाकतो, मग त्याला नोटीस येते, आणि तो तुझ्या ऑफिससमोर येऊन रडतो किंवा भांडतो, दोन्हीत त्याची चूक नसते. त्याला कोणी आधी सांगितलंच नाही. तू जॉइन झाल्याबरोबर पुरातत्व विभागाला सोबत घेऊन ती हद्द नकाशावर काढ, कोणती घरं आत येतात ती यादी वॉर्डात लाव, आणि हेही सांग की १६ जून १९९२ च्या आधीच्या घरांची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. अर्ज भरून द्यायला ऑफिसात एक टेबल ठेव. एवढ्यानं अर्धी भांडणं मिटतात आणि लोकं त्या जुन्या देवळाला आपला दुश्मन समजायचं सोडतात. केवल नरसिंहाचं मंदिर वाकाटकांच्या काळातलं आहे, पंधरा-सोळाशे वर्षं जुनं, पण असं जुनं देऊळ शेजारच्याला जर फक्त नोटिशीमुळं माहीत असेल तर ते सांभाळणार कोण.

आणि दुरुस्तीच्या कामात चुना अन् सिमेंट यातला फरक शिकून घे. जुन्या दगडी चुन्याच्या कामावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दगड फुगून सुटतो, वरून चकाचक दिसतं अन् आतून सडत असते. इंजिनिअर सिमेंटचंच अंदाजपत्रक करून आणेल कारण त्याला तेच रेट पाठ आहेत. स्मारकाला तर नगरपालिकेनं हातच लावायचा नाही, पण घाट, विहिरी, वेशी, जुनी पाण्याची टाकी ज्या कोणाच्याच यादीत नाहीत, त्या तुझ्याच अंगावर असतात.

नगरसेवकांचं म्हणशील तर भिऊ नको. मधली काही वर्षं निवडणुका रखडल्या होत्या आणि कित्येक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक होता, ठरावही त्याचा आणि अंमलबजावणीही त्याचीच. काही जण म्हणायचे, बरं झालं, कामं फटाफट होतात. मला ते कधीच पटलं नाही. सभागृह रिकामं असलं की अडवणारं कोणी नसतं हे खरं, पण माझ्या गल्लीत पाणी शिरते म्हणून टेबल आपटणाराही कोणी नसतो. तो आवाज ऐकून घ्यायचा. ठराव बेकायदेशीर वाटला तर सभेतच तुझं मत इतिवृत्तात लिहून घे, आणि नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली ठराव थांबवायचा प्रस्ताव कलेक्टरला पाठव, पण भांडण चहाच्या टपरीवर नेऊ नको. तीन वर्षांचा कार्यकाळ २००५ च्या बदली कायद्यात आहे, प्रत्यक्षात त्याच्या आधीही उचलतात, माझं दोनदा झालं, पोरांच्या शाळा बदलल्या, घरच्यांनी खूप सोसलं. हे तुझ्या आईबाबांना आधीच सांगून ठेव.

जमलं तर त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला रामटेकला राहा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठ. रात्रभर गर्दी येऊन गेलेली असते, पत्रावळ्या, प्लॅस्टिक, नारळाच्या शेंड्या, आणि ते सगळं उचलणारी माणसं कामाला लागलेली असतात. तिथं अर्धा तास उभी राहा. तुला त्यांच्यासोबत थांबावंसं वाटलं तर मुख्याधिकारी बिनधास्त वर टाक. नुसती गडावरून दिसणारी सकाळ आवडली तर तहसीलदार टाक, त्यात काहीच कमीपणा नाही, तिथंही चांगल्या माणसांची गरज आहेच. पसंतीक्रमाची तारीख यात्रेच्या आधी असेल तर एखाद्या बाजाराच्या दिवशी जा, दुसऱ्या दिवशीची पहाट तशीच असते.

एक गोष्ट तुला मुलगी म्हणून सांगतो, कारण घरात कोणी तरी म्हणेलच की नगरपालिका बाईमाणसाचं काम नाही. त्याच भागात, नंदिवर्धन म्हणजे आजच्या नगरधनला, वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्तानं मुलगा लहान असताना राज्य चालवलं, आणि तिची मातीची मुद्रा नगरधनच्या उत्खननात सापडली. रामटेकवरून नगरधन जवळच आहे, वेळ उरला तर तो किल्लाही पाहून ये.

जायच्या आधी घरी ये. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाची माझी जुनी प्रत काढून ठेवली आहे, कलम ७७ जवळ पेन्सिलीच्या खुणा आहेत, मुख्याधिकाऱ्याची कामं तिथं लिहिली आहेत, ते बसमधे वाच. काकू म्हणाली येताना जेवूनच जाशील. आणि तिकडून आल्यावर मला फक्त एवढंच सांग, पाणी कुठं साचलेलं दिसलं.

तुझा,
काका